झीज झाली, तर हाड वाढलं कसं? कंबरेच्या मणक्यांच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचं एक प्रकरण

"एकांनी सांगितलं मणके झिजलेत. दुसऱ्यांनी सांगितलं हाड वाढलंय. दोघांनीही हाच रिपोर्ट बघून सांगितलं. झीज झाली, तर हाड वाढलं कसं?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच काकूंनी मला हा प्रश्न विचारला. एमआरआयचं मोठं पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पाठीची दुखणी रोज बघते, तरी इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारलाय. मी त्याचं उत्तर दिलं. ते बरोबर होतं, पण पुरेसं नव्हतं, आणि ते पुरेसं नाही हे कळायला मला चार आठवडे लागले. त्या चार आठवड्यांत काय चुकलं आणि नंतर काय जमलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. काकूंची ओळख पटेल असं काहीही यात ठेवलेलं नाही.

काकू ५८ वर्षांच्या, व्यवसायाने ग्रंथपाल. उभं राहणं, वरच्या फळीवरची पुस्तकं काढणं, परत लावणं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. गेली दहाएक वर्षं अधूनमधून कंबर धरायची, उसण भरल्यासारखं व्हायचं आणि चार-पाच दिवसांत सुटायचं. या वेळी मात्र सहा महिने झाले तरी दुखणं हटलं नव्हतं. त्यातले शेवटचे चार महिने त्या रजेवर होत्या. त्यांना एक मोठी "नका"ची यादी मिळाली होती: वाकू नका, उचलू नका, जिने चढू नका, जास्त चालू नका, पट्टा काढू नका. काकू शिस्तीच्या. त्यांनी यादीतला एकही शब्द मोडला नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कंबरेला पट्टा, आणि दिवसाचा बराचसा वेळ आडवं पडून. चार महिन्यांनी हिशेब असा होता: वजन पाच किलोंनी वाढलेलं, झोप तुटक, जिन्याच्या एका वळणात दम लागतोय, आणि दुखणं तसंच्या तसं.

कौटुंबिक माहिती विचारताना त्या म्हणाल्या होत्या, "आईची पाठ शेवटी पार वाकली होती. अंथरुणालाच खिळली. माझंही आता तसंच होणार." मी ते लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेले. तिथे मी थांबायला हवं होतं.

तपासणीत काय दिसलं

दुखणं कंबरेच्या उजव्या बाजूला, कण्यापासून दोन बोटं बाहेर. तिथून नितंबात आणि मांडीच्या मागच्या बाजूला पसरणारं, पण गुडघ्याच्या खाली न जाणारं. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. खोकलं-शिंकलं तरी कळ पायात जात नाही. सकाळी उठल्यावर कंबर आखडलेली असते, पण पंधरा-वीस मिनिटांत मोकळी होते. दिवसभरात दुखणं वाढत जातं आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतं. वर बघून हात उंच केला, फार वेळ उभं राहिलं, झोपेत कूस बदलली की कळ येते. बसून जरा पुढे झुकलं की बरं वाटतं.

या चित्रावरून बोट मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांकडे जातं. त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. उभं राहून मागे झुकून उजवीकडे वळायला सांगितलं तेव्हा काकू एकदम म्हणाल्या, "हीच! हीच ती कळ." पुढे वाकताना त्या घाबरत होत्या, पण प्रत्यक्ष दुखत फारसं नव्हतं. पाठीवर झोपवून पाय सरळ वर उचलला तर पायात कळ नाही. पायांची ताकद, संवेदना, गुडघ्याच्या आणि घोट्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया दोन्हीकडे सारख्या. खुब्याचा सांधा मोकळा फिरत होता, पावलांच्या नाड्या नीट लागत होत्या. खुब्याचं दुखणं कंबरेच्या नावावर खपतं आणि कंबरेचं खुब्याच्या, म्हणून हे बघावंच लागतं.

फॅसेट सांधाच दुखतो आहे हे छातीठोकपणे सांगणारी एकही हाताने करायची चाचणी नाही. सगळी चिन्हं एका दिशेला बोट दाखवतात, एवढंच म्हणता येतं. काकूंनाही मी तसंच सांगितलं.

त्याआधी ज्या गोष्टी नाहीत याची खात्री करायची असते त्या केल्या: ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वीचा कर्करोग, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड्स, पडल्याचा इतिहास, कुठल्याही कुशीवर न थांबणारं रात्रीचं दुखणं. यातलं काही नव्हतं. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकला असता आणि दुखणं चाळिशीच्या आत सुरू झालं असतं, तर सूज आणणाऱ्या संधिवाताच्या दिशेने तपासण्या झाल्या असत्या. आणि एक गोष्ट मी प्रत्येक पाठदुखीच्या रुग्णाला पहिल्याच दिवशी सांगते, काकूंनाही सांगितली: दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटला, लघवी तुंबली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, पायांतली ताकद झपाट्याने कमी झाली, तर माझ्याकडे यायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जायचं. कण्याच्या खालच्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आल्याची ती लक्षणं असतात आणि तिथे तास मोजावे लागतात.

सुरुवातीची मोजमापं अशी होती. दुखणं संध्याकाळी १० पैकी ६. न बसता चालणं १२ मिनिटं. हात न टेकता खुर्चीतून ३० सेकंदांत ७ वेळा उठणं. साठी ओलांडलेल्या बाईकडूनही १२ च्या आसपास अपेक्षा असते. दैनंदिन कामांतली अडचण मोजणाऱ्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीत १०० पैकी ४६.

सांध्याचं काम, आणि माझं पहिलं उत्तर

कण्यातले दोन मणके एकमेकांना तीन जागी भेटतात. पुढे गादी, मागे डावा आणि उजवा फॅसेट सांधा. गादी म्हणजे गुडघ्यासारखा सांधा नव्हे, ती दोन हाडांमधली उशी. मागचे दोन मात्र गुडघ्यासारखेच अस्सल सांधे: हाडाच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, मध्ये वंगणासारखा द्रव, बाहेरून आवरण. म्हणून गुडघ्याला जो ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याच्या झिजेचा आजार होतो, तोच इथेही होतो. कंबरेत तो सर्वांत जास्त दिसतो तो खालच्या दोन जागी, चौथ्या-पाचव्या मणक्यात आणि पाचव्या मणक्याच्या व त्रिकास्थीच्या (कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकोणी हाडाच्या) मध्ये. काकूंचा एमआरआय नेमका तेच सांगत होता. गादी सुकलेली, थोडी फुगलेली, मागचे सांधे जाड झालेले, कडेने हाड वाढलेलं. मज्जातंतूंच्या नळीला मात्र पुरेशी जागा होती आणि कुठलाही तंतू दबलेला नव्हता. ती ओळ रिपोर्टाच्या अगदी शेवटी होती आणि काकूंना ती कुणीच वाचून दाखवली नव्हती.

ताठ उभं असताना कंबरेवरच्या भाराचा साधारण सहावा हिस्सा मागचे सांधे उचलतात, असं मणक्यांवरच्या जुन्या प्रयोगांतून दिसलं आहे. गादी सुकली, तिची उंची घटली, की मागच्या सांध्यांचा वाटा वाढतो. मागे झुकलं की ते एकमेकांवर दाबले जातात, पुढे वाकलं की उघडतात. काकूंना सगळ्यात पटलं ते संध्याकाळचं कोडं. रात्री आडवं पडल्यावर गादी पाणी शोषून फुगते, दिवसभर उभं राहून ते पाणी पिळलं जातं. त्यामुळे निरोगी माणसाचीही उंची सकाळपेक्षा रात्री सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने कमी भरते. गादी चपटी झाली की मागच्या सांध्यांवर भार येतो. "म्हणजे पाचनंतर कंबर उगाच भांडत नाही," त्या म्हणाल्या.

मग त्यांचा प्रश्न. कूर्चा पातळ होते, ही खरी झीज. पण शरीर गप्प बसत नाही. भार वाटून घ्यायला ते सांध्याच्या कडेने हाड वाढवतं, आवरण जाड करतं. ही डागडुजी असते, सुबक नसते, आणि कधीकधी तीच शेजारच्या मज्जातंतूला अडचण करते. तुमच्या बाबतीत ती तशी अडचण करत नाही. झीज आणि वाढ या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, असं मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली.

आकडेही सांगितले. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून, पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या मणक्यांच्या तपासण्यांचा आढावा घेतला गेला. साठीच्या लोकांपैकी ८८ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ५० टक्क्यांचे फॅसेट सांधे झिजलेले होते. दुखत मात्र कुणाचंच नव्हतं. म्हणून रिपोर्ट निरुपयोगी ठरत नाही. तंतू दबलाय का, मणका मोडलाय का, गाठ किंवा जंतुसंसर्ग आहे का, हे कळायला त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. पण माणसाला किती दुखेल आणि तो काय करू शकेल, हे त्या पाकिटात नसतं.

एक गोष्ट जाता जाता. काकूंना तिघांनी तरी "गादी सरकलीय" असं सांगितलं होतं. पाठीत दुखलं की गादीचंच नाव का निघतं, याला इतिहास आहे. मागच्या सांध्यांकडे १९११ मध्येच गोल्डथवेट यांनी लक्ष वेधलं होतं आणि १९३३ मध्ये घोर्मली यांनी या दुखण्याला फॅसेट सिंड्रोम असं नाव दिलं होतं. पण १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेली गादी शस्त्रक्रियेने काढता येते हे दाखवून दिलं, आणि पुढची कित्येक दशकं सगळ्यांचं लक्ष गादीनेच खेचून घेतलं.

सुरुवात

औषधांचं काकूंच्या डॉक्टरांनी ठरवलं. काकू चार महिने स्वतःच्या मनाने रोज वेदनाशामक गोळी घेत होत्या, आणि त्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. या गोळ्या रक्तदाब वाढवू शकतात, पोट आणि मूत्रपिंडं दुखावू शकतात. डॉक्टरांनी आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, त्यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं; ते ठीक निघालं. मग गोळी फक्त उचल खाल्लेल्या दिवसांत, कमीत कमी मात्रेत, थोडेच दिवस, असं ठरलं. घरात ग्लुकोसामाइनची डबी होती. कंबरेच्या याच आजाराच्या २५० रुग्णांवर नॉर्वेत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिने ग्लुकोसामाइन घेणारे आणि साखरेच्या गोळीसारखी निष्क्रिय गोळी घेणारे यांच्यात फरक दिसला नव्हता. काकूंनी ती डबी बंद केली.

पट्ट्याचं मी बघितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनात दीर्घकालीन कंबरदुखीसाठी पट्टा नेहमीचा उपचार म्हणून वापरू नये असंच म्हटलंय. पण चार महिने ज्याच्या आधाराने माणूस उभा आहे, ते एका दिवसात काढून घेणं क्रूर ठरतं. दर दोन दिवसांनी दीड तास कमी, असं करत तीन आठवड्यांत तो सुटला.

चालणं १२ मिनिटांत थांबत होतं, म्हणून मी ८ मिनिटांपासून सुरू केलं, दिवसातून तीनदा. दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, घड्याळ सांगेल तेव्हा थांबायचं. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची. व्यायाम मोजकेच दिले: पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर जमिनीला टेकवणं, एकेक गुडघा छातीकडे आणणं, नितंब थोडेसे उचलणं, आणि उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीतून उठणं-बसणं. नियम असा की व्यायामात दुखणं चारपर्यंत गेलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ जागी यायला हवं. व्यायामाने कूर्चा परत उगवत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. पण कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. भार पडणं आणि निघणं यातूनच द्रव आत-बाहेर होतो आणि तिचं पोषण होतं. सांधा न वापरता राखून ठेवला, तर तो राखला जात नाही.

चौथा आठवडा

चौथ्या आठवड्यात काकू १४ मिनिटं चालत होत्या, पट्टा नव्हता, चेहऱ्यावर रंग आला होता. मला घाई झाली. कामावर परतायचं तर हात वर न्यावे लागणार, म्हणून मी उभं राहून एकेक किलोची वजनं डोक्यावर उचलण्याचा व्यायाम घातला. चार महिन्यांत त्यांचे खांदेही आखडले होते, हे मी तपासलं नाही. हात वर जाईनात, म्हणून त्या कंबरेतून मागे झुकून हात वर नेत होत्या. ज्या हालचालीने दुखतं, तीच हालचाल मी त्यांच्याकडून वजनासकट वीस वेळा करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना कूस वळवता येईना. दुखणं ८ वर. त्यांनी पट्टा बांधला आणि त्या अंथरुणावर पडल्या. पाच दिवस फोन नाही. सहाव्या दिवशी आल्या त्या पाकीट पुन्हा छातीशी धरूनच.

"मी म्हटलं होतं ना? झिजलेलंच आहे ते. जितकं वापरीन तितकं आणखी झिजणार. आईचं हेच झालं."

वजनाची चूक माझीच होती, मी ती कबूल केली. पण दुसरी चूक त्याहून मोठी होती. वाईट दिवस येणारच, तो आला तर काय करायचं, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आणि तिसरी त्याच वाक्यात माझ्यासमोर उभी होती. मी सांध्यांविषयी बोलत होते, त्या आईविषयी.

या वेळी मी विचारलं, आईला नेमकं काय झालं होतं? उंची कमी होत गेली. पाठीत पोक आलं. एकदा नुसती बादली उचलताना पाठीत कट्कन झालं आणि मणका मोडल्याचं निघालं, वर्षभराने दुसरा. डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं, "हाडांची झीज झालीय."

तोच शब्द. आपल्या भाषेत हाडं आतून विरळ आणि ठिसूळ होतात त्यालाही झीज, आणि सांध्याचं अस्तर पातळ होतं त्यालाही झीज. पहिला ऑस्टिओपोरोसिस, दुसरा ऑस्टिओआर्थ्रायटिस. आईचा आजार आणि लेकीचा आजार एकाच शब्दात कोंबले गेले होते, आणि काकू सहा महिने आईच्या आजाराला घाबरून स्वतःच्या आजाराची पथ्यं पाळत होत्या. शिवाय झीज म्हटलं की डोळ्यांपुढे चपलेचा तळ येतो, जितकं चालाल तितका पातळ. तो शब्दच "वापरू नका" असं सांगतो. माझ्या पहिल्या उत्तरानंतर त्यांनी मान डोलावली होती, कारण मी नीट समजावलं होतं. त्यांना ते पटलेलं नव्हतं, कारण त्यांची भीती मी ऐकलीच नव्हती.

मी कागदावर दोन चित्रं काढली. एका चित्रात मणक्याच्या आतली जाळी विरळ झालेली. दुसऱ्यात जाळी दाट, पण मागच्या सांध्याची कड जाड आणि ओबडधोबड. "हे आईचं. हे तुमचं." त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझी पाठ तशी वाकणार नाही?"

"या आजाराने तशी वाकत नाही," मी म्हटलं. "पण आईचा आजार तुम्हाला वेगळा होऊ शकतो का, ते तपासायला हवं."

दोन आजार, एक पाठ

डॉक्टरांनी हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी सांगितली. निकाल आला तो फसवा होता. कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे ०.३, म्हणजे जवळपास निरोगी तरुण बाईइतका. खुब्याचा उणे २.१. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस धरतात. उणे १ ते उणे २.५ मधला पट्टा घनता कमी झाल्याचा. मग एकाच माणसाच्या दोन हाडांत एवढी तफावत का? डेक्साचा किरण वाटेत जेवढं खनिज लागेल तेवढं मोजतो. कडेने वाढलेलं हाड, जाड झालेले फॅसेट सांधे, सगळं त्या बेरजेत येतं. कण्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस असला की कंबरेचा आकडा खोटा चांगला दिसतो, म्हणून खुब्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. काकूंचा पहिला प्रश्न इथे पुन्हा खरा ठरला. हाड वाढलं होतं, आणि त्या वाढीने दुसरीकडची घट झाकली होती.

यामुळे व्यायामाचं गणित बदललं, आणि या प्रकरणात मला सर्वांत जास्त विचार इथेच करावा लागला. फॅसेट सांध्यांना पुढे वाकणं आवडतं. घनता कमी झालेल्या मणक्यांना वजनासकट जोरात पुढे वाकणं धोक्याचं, कारण पुढचा भाग चेपतो. पाठीवर झोपून धड वर उचलायचे पोटाचे व्यायाम त्यामुळे बाद. कंबर पूर्ण मागे झुकवणारे आधीच बाद होते. उरतो तो मधला मार्ग: कणा लांब आणि स्थिर ठेवून त्याभोवतीची ताकद वाढवायची. हात-गुडघ्यांवर राहून एक हात समोर आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांब करणं, पाठ सरळ ठेवून खुब्यातून झुकणं, भिंतीला टेकून खांदे मोकळे करणं, आणि खुब्याच्या पुढच्या स्नायूंना ताण, कारण ते आखडले की उभं असतानाच कंबर पुढे ओढली जाऊन मागचे सांधे दाबले जातात. झोपून एकेक गुडघा अलगद छातीकडे आणणं चालू ठेवलं. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पुढची औषधं डॉक्टरांच्या हाती. कॅल्शियमने सांध्याचं दुखणं जात नाही, हे मात्र मी मुद्दाम सांगितलं, कारण पुन्हा तोच घोळ व्हायला नको होता.

वाईट दिवसाचा कागद आम्ही दोघींनी मिळून लिहिला, काकूंच्याच अक्षरात. पहिले दोन दिवस चालणं निम्मं करायचं, बंद करायचं नाही. शेक घ्यायचा, पाय खुर्चीवर ठेवून पंधरा मिनिटं पाठीवर झोपायचं, दिवसातून दोन-तीनदा. गोळी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. तिसऱ्या दिवसापासून दर दिवशी थोडं थोडं वाढवायचं. कळ गुडघ्याखाली गेली, ताकद कमी वाटली, किंवा दुखणं नेहमीपेक्षा वेगळ्या जातीचं वाटलं तर लगेच दाखवायचं. पट्ट्याबद्दल काकूंनी स्वतःहून लिहिलं: "फक्त प्रवासात."

इंजेक्शनचा प्रश्न

दहाव्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "ते नस जाळतात म्हणे, ते करावं का?" प्रश्न रास्त होता. प्रत्येक फॅसेट सांध्याची संवेदना दोन बारीक तंतूंमार्फत जाते. तिथे आधी बधिर करणारं इंजेक्शन देऊन बघतात. दुखणं स्पष्ट कमी झालं, तर तेच तंतू उष्णतेने निकामी करतात. ज्यांना गुण येतो त्यांना साधारण सहा महिने ते वर्षभर आराम मिळतो, कारण तंतू पुन्हा वाढतो. २०१७ साली नेदरलँड्समधल्या चाचण्यांत, व्यायामासोबत हा उपचार केल्याने नुसत्या व्यायामापेक्षा महत्त्वाचा फरक पडला नाही असं निघालं. रुग्ण निवडताना एकाच चाचणी-इंजेक्शनवर भिस्त ठेवली, असा त्या चाचण्यांवर आक्षेपही घेतला गेला. शिवाय तेच तंतू कण्याला सावरणाऱ्या मल्टिफिडस स्नायूलाही जातात. मी या उपचाराच्या विरोधात नाही. दुखण्यामुळे ज्याला व्यायामाची सुरुवातच करता येत नाही, त्याला तो उपयोगी पडताना मी बघितलाय. कण्याच्या तज्ज्ञांशी बोलून काकूंनी तीन महिने थांबायचं ठरवलं. पुढे त्यांना गरज वाटली नाही. शस्त्रक्रियेचा विषयच नव्हता. तंतू दबणं किंवा मणका अस्थिर होणं असं काही नसेल, तर नुसत्या सांध्यांच्या या आजारासाठी ती करत नाहीत.

कामावर

बाराव्या आठवड्यात काकू अर्ध्या वेळेसाठी रुजू झाल्या. तिथे बदल छोटे केले आणि तेच सर्वांत कामाला आले. दोन पायऱ्यांचं भक्कम स्टूल घेतलं. वरच्या फळीवरचं पुस्तक काढायचं तर हात वर न नेता स्वतः वर जायचं, म्हणजे फळी छातीच्या उंचीला येते आणि कंबर मागे झुकत नाही. पडण्याचा धोका नको म्हणून स्टुलाला धरायला दांडी. पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलाखाली वीतभर उंचीची फळी ठेवली, तिच्यावर आलटून पालटून एक पाय. दर २५ मिनिटांनी दोन मिनिटं बसून पुढे झुकायचं. परत लावायची पुस्तकं संध्याकाळऐवजी सकाळी लावायची, कारण गादी तेव्हा भरलेली असते. ही शेवटची युक्ती काकूंचीच. संध्याकाळचं कोडं त्यांनी विसरून टाकलं नव्हतं.

वर्षअखेरीची मोजमापं: रोजचं दुखणं २ ते ३. चालणं सलग ४० मिनिटं. खुर्चीतून ३० सेकंदांत १३ वेळा उठणं. ऑस्वेस्ट्री ४६ वरून २०. वजन तीन किलोंनी कमी. वर्षात दोनदा दुखण्याने उचल खाल्ली, एकदा सहा दिवस, एकदा चार. अर्ध्या तासाहून जास्त एका जागी उभं राहणं त्यांना आजही जमत नाही. ते कदाचित तसंच राहील, आणि मी त्यांना तसं सांगितलं आहे. पुढे चालताना दोन्ही पोटऱ्या जड होऊ लागल्या आणि बसून झुकल्यावरच बरं वाटू लागलं, तर तंतूंची नळी अरुंद होत असण्याची शक्यता धरून पुन्हा तपासायचं, हेही कागदावर आहे.

"आता एकदा परत एमआरआय काढू या का? बघू तरी किती सुधारलंय," वर्ष झाल्यावर त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तो बहुतेक तसाच दिसेल काकू. कदाचित थोडा जास्त झिजलेला."

"आणि वाढलेलाही," त्या म्हणाल्या.

परवा त्यांचा फोन आला. चार दिवसांपूर्वी कंबर धरली होती. कागदाप्रमाणे सगळं केलं, आज २५ मिनिटांवर आहे. उद्या २८ करू की ३०, एवढंच विचारायचं होतं.